तळ्याचें अजीर्ण

आम्ही देवनारला राहतों हें कळतांच ऐकणाराच्या मुद्रेवर जी एक छटा उमटते, तिची आम्हांस आतां संवय झाली आहे. मुंबई शहराचा केर येथें आणून टाकण्यास १९२७ सालीं प्रारंभ झाला आणि पाहतां पाहतां त्या केराच्या टेकड्या उभ्या राहिल्या. २०१६ च्या जानेवारींत त्या टेकड्यांना आग लागली, तेव्हां धुरामुळें आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. असा हा आमचा गांव! येणारे पाहुणे गाडीच्या कांचा वर करून येतात, चहा घेतात आणि निघतांना हटकून म्हणतात, “त्यापेक्षां पवईला घर कां नाहीं पाहिलेंत? काय तें तळें आणि काय तो देखावा!”

पाहुण्यांस उलट उत्तर देण्याची आपली रीत नाहीं. म्हणून तें उत्तर आम्ही येथें देत आहों. देवनारची घाण डोळ्यांना दिसते, नाकाला कळते, आणि म्हणूनच तिच्याविषयीं चार लोक बोलतात. पवईच्या तळ्यांत जी घाण जाते, ती पाण्याखालीं दडते आणि तिच्यावर सायंकाळचा सोनेरी प्रकाश पडतो. परंतु घाण करणारीं घरें दोन्हीकडे तींच आहेत. ज्या घराची केराची टोपली देवनारच्या वाटेला लागते, त्याच घराची मोरी कोठें तरी पाण्याला जाऊन मिळते. टोपलीकडे आपलें लक्ष असतें, मोरीकडे नसतें. या लेखांत आम्हांला जें सांगावयाचें आहे, तें एवढेंच.

आमच्या गांवाच्या पूर्वेस ठाण्याची खाडी आहे. तिच्यांतही शहराचें सांडपाणी जातें, आणि त्याचे दुष्परिणामही होतात. पण खाडीला दिवसांतून दोनदां भरती-ओहोटी येते आणि समुद्र तिचा थोडा तरी भार हलका करतो. तळ्याला ओहोटी नाहीं. पावसाळ्यांत सांडव्यावरून वरचें पाणी वाहून जातें खरें. पण जें तळाशीं बसलें, तें तेथेंच राहिलें. म्हणून आपल्या मोरीचा परिणाम पहावयाचा, तर तो खाडीवर नव्हे, तळ्यावर पहावा.

आमच्यापासून सुमारें दहा किलोमीटरवर असलेलें पवईचें तळें निसर्गनिर्मित नाहीं, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. मुंबईला पाणी अपुरें पडूं लागलें, तेव्हां १८९० च्या सुमारास टेकड्यांमधील एका ओढ्याला बांध घालून तें तयार करण्यांत आलें. हेतु हा कीं, शहराला पिण्याचें पाणी मिळावें. पण तें पाणी पिण्यास तितकेंसें योग्य ठरलें नाहीं, आणि १८९२ सालीं तानसाचें पाणी शहरांत आल्यावर पवईची योजना मागेंच पडली. आज तळें भरलें म्हणजे त्यांत सुमारें ५४५ कोटि लिटर पाणी मावतें. परंतु त्याचा उपयोग कारखाने व आरे वसाहत यांच्या कामापुरताच होतो. पिण्याच्या यादींत पवईचें नांव नाहीं.

याच डोंगरांच्या परिसरांत, अगदीं शेजारींच, विहार तलाव आहे. हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याच्या योजनेनें तो १८६० सालीं पुरा झाला. म्हणजे वयानें तो पवईहून तीस वर्षांनीं वडील. पाऊस दोघांवर सारखाच पडतो, आणि दोघांच्या सांडव्यांचें पाणी शेवटीं मिठी नदीलाच मिळतें. तरी विहारचें पाणी मुंबईकर आजही पितात आणि पवईचें पीत नाहींत. दोघांमध्यें मोठा भेद शेजाराचा आहे. विहारच्या भोंवतीं संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचें अरण्य आहे. पवईच्या भोंवतीं आपण आहों. पूर्वीं तेथें शेतें आणि झाडी होती. १९५८ सालीं भारतीय तंत्रविज्ञान संस्था स्थापन झाली आणि ती तळ्याच्या कांठीं वसली. पुढें टेकड्या फोडून उंच इमारती उठल्या, उतारावर झोंपड्या वाढल्या. गरीब असो, श्रीमंत असो, प्रत्येक घराला मोरी ही असतेच.

आतां हें मोरीचें पाणी तळ्यांत जाऊन करतें काय, तें पाहूं. सर्वसाधारण समजूत अशी कीं, घाणींत विष असतें आणि त्या विषानें तळें मरतें. कारखान्यांच्या सांडपाण्याविषयीं हें पुष्कळदां खरें असतें. परंतु घरांतील सांडपाण्यांत मुख्यतः विष नसतें, अन्न असतें. उष्टें, पेज, दूध, तेल, साबण, मलमूत्र हें सारें पाण्यांतील सूक्ष्म जंतूंचें खाद्य आहे. जंतु तें आवडीनें खातात, वाढतात, आणि खातांना, आपल्याप्रमाणेंच, प्राणवायु वापरतात. पाण्यांत विरघळलेला प्राणवायु मुळांतच थोडा. शून्य अंश उष्णतेच्या पाण्यांत लिटरमागें सुमारें साडेचौदा मिलिग्रॅम प्राणवायु मावतो. आपल्याकडील तीस अंशांच्या पाण्यांत तो केवळ साडेसात मिलिग्रॅम मावतो. जंतूंचें भोजन जितकें मोठें, तितका हा सांठा लवकर संपतो आणि मासे गुदमरतात. म्हणजे तळें मरतें तें विषानें नव्हे, अजीर्णानें!

ही गोष्ट घरगुती हिशोबानें पटते. दूध हा आपल्या घरांतील अत्यंत सात्त्विक पदार्थ. पण एक लिटर दूध पूर्णपणें कुजण्यास सुमारें एक लाख मिलिग्रॅम प्राणवायु लागतो. नासलेलें पेलाभर, म्हणजे दोनशें मिलिलिटर, दूध आपण मोरींत ओतलें, तर त्यास वीस ग्रॅम प्राणवायु हवा; म्हणजे सुमारें २,७०० लिटर पाण्यांतील सगळा प्राणवायु त्या एका पेल्यानें संपतो. एका माणसाच्या रोजच्या मलमूत्राला व मोरीच्या पाण्याला मिळून सुमारें पन्नास ग्रॅम प्राणवायु लागतो असें धरतात. दहा माणसांच्या एकत्र कुटुंबाचा रोजचा हिशोब झाला पांचशें ग्रॅम. म्हणजे साठ-सत्तर हजार लिटर पाण्यांतील प्राणवायु! आतां पवईचें तळें कांठोकांठ भरलें आहे आणि पाणी अगदीं निर्मळ आहे असें समजा. त्यांतील सगळा प्राणवायु मिळून भरेल एकेचाळीस टन. एक लाख माणसांचें सांडपाणी जर जसेंच्या तसें त्यांत जाऊं लागलें, आणि बाहेरून नवा प्राणवायु मिळाला नाहीं, तर आठ दिवसांत तो संपेल. वारा व पाऊस पाण्यांत प्राणवायु मिसळीत असतात, म्हणून तळें आठ दिवसांत मरत नाहीं. पण मिळकत आणि खर्च यांचा मेळ किती अवघड आहे, हें घर चालविणाऱ्या गृहिणीला अधिक सांगावयास नको.

सांडपाणी मोजण्याची शास्त्रीय रीतही याच हिशोबावर उभारलेली आहे. इंग्लंडांत १८९८ सालीं नेमलेल्या राजमंडळानें १९१२ च्या अहवालांत ती रूढ केली. पाणी कुपींत बंद करून पांच दिवस ठेवावयाचें आणि तेवढ्या अवधींत किती प्राणवायु खर्ची पडला तें पहावयाचें. या आंकड्याला पाण्याची प्राणवायूची मागणी म्हणतात. आपल्या देशांत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा दंडक असा आहे कीं, ज्या पाण्यांत माणसानें स्नान करावें, त्यांत लिटरमागें निदान पांच मिलिग्रॅम प्राणवायु शिल्लक असावा आणि ही मागणी तीन मिलिग्रॅमच्या वर नसावी. शुद्ध न केलेल्या घरगुती सांडपाण्यांत हीच मागणी दोनशें ते तीनशें असते.

मुलांना घेऊन एक प्रयोग आम्हीं घरींच केला. वाचकांनाही तो करतां येईल. शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानांत मेथिलीन ब्लू नांवाचें निळें औषध मिळतें. दोन कुप्या घ्याव्या. एकींत स्वच्छ पाणी भरावें, दुसरींत त्याच पाण्यांत थोडें मोरीचें पाणी घालावें. दोहोंत औषधाचा थेंब टाकून फिकट निळा रंग आणावा आणि बुचें घट्ट बसवून कुप्या अंधारांत ठेवाव्या. स्वच्छ पाण्याचा रंग टिकतो. दुसऱ्या कुपीचा निळेपणा प्राणवायु संपतां संपतां नाहींसा होतो. आमच्या घरीं दुसऱ्या दिवशीं ती कुपी पाहून मुलें गप्पच झालीं. तळ्यांत हेंच होतें. तेथें निळें औषध नसतें, म्हणून तें आपल्याला दिसत नाहीं. (प्रयोगानंतर हात साबणानें धुण्यास विसरूं नये.)

अजीर्णाची दुसरी अवस्था याहून फसवी आहे. जंतूंनीं अन्न खाऊन टाकल्यावर मागें नत्र आणि स्फुरद हीं खतें उरतात. शेतांत जीं पीक वाढवितात, तींच तळ्यांत सूक्ष्म शेवाळ आणि जलपर्णी वाढवितात. यांत मुख्य दोष कोणाचा, याविषयीं शास्त्रज्ञांत पुष्कळ वाद झाला. कॅनडांत डेव्हिड शिंडलर आणि त्यांचे सहकारी यांनीं १९७३ सालीं एका तळ्याच्या मध्यें आडवा पडदा लावून त्याचे दोन भाग केले. एका भागांत त्यांनीं कर्ब व नत्र टाकलें; दुसऱ्यांत कर्ब, नत्र आणि स्फुरद. पहिला भाग होता तसाच राहिला. दुसरा थोड्याच आठवड्यांत हिरवागार झाला. तळें एक, पाऊस एक, ऊन एक. फरक पडला तो चिमूटभर स्फुरदाचा. हें स्फुरद आपल्या मलमूत्रांत असतें, आणि कपडे धुण्याच्या कांहीं चूर्णांतही असतें.

शेवाळानें हिरवें झालेलें पाणी दिवसा उन्हांत प्राणवायु निर्माण करतें. म्हणून दुपारीं दोन वाजतां कोणी मोजमाप केलें, तर आंकडा उत्तम येतो! पण रात्रीं तेंच शेवाळ प्राणवायु ओढूं लागतें, आणि पहांटे तो अगदीं तळाला जातो. अशा तळ्यांत मासे मरतात ते बहुधा पहांटे. सकाळीं फिरावयास जाणाऱ्यांना ते पांढरीं पोटें वर करून तरंगतांना दिसतात. मेलेलें शेवाळ तळाशीं बसतें, कुजतें, आणि त्या गाळांतून कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो. पवईच्या तळ्यांत आजही मगरी आहेत, पाणपक्षी येतात, मासे आहेत. पण किनाऱ्याच्या कित्येक भागांत जलपर्णीचें दाट हिरवें गालिचे पसरतात. ही वनस्पति मूळची दक्षिण अमेरिकेची. बंगालमध्यें तिनें इतका उच्छाद मांडला कीं, तेथें १९३६ सालीं तिच्या निर्मूलनासाठीं कायदाच करावा लागला. पवईस नगरपालिका यंत्रें लावून ती काढते. पण खाद्य येतच असल्यामुळें ती पुन्हां वाढते. या शतकाच्या आरंभीं केंद्र शासनाच्या सरोवर संरक्षण योजनेंतही पवईचा समावेश झाला होता. परंतु रोग्याचें पथ्य न सांभाळतां नुसतें औषध चालू ठेवलें, तर जें होतें, तेंच येथें झालें.

पथ्य म्हणजे काय, तें आम्हांला एका वडीलधाऱ्या बाईंनीं शिकविलें. आमचे एक चुलत बंधु पवईच्या उतारावर एका जुन्या इमारतींत राहतात. त्यांच्या मातोश्रींचें, आमच्या काकूंचें, सोवळें-ओवळें अजून कडक आहे. पूजा झाली कीं गॅलरींत येऊन त्या तळ्याला नमस्कार करीत. एकदां ऐन वैशाखांत आम्ही त्यांच्याकडे गेलों असतां त्यांनीं आम्हांला विचारलें, “अरे, हें खालचें गटार पावसाचें ना? मग पाऊस नसतांना तें वाहतें कसें?”

आम्ही दोघे शिकलेले बंधु एकमेकांकडे पाहूं लागलों! तें गटार आम्हीं वर्षानुवर्षे पाहिलें होतें आणि हा प्रश्न आमच्या मनांत कधीं आला नव्हता. पावसाळी गटारें आणि मैल्याचे नळ हे शहरांत वेगळे असावयाचे. मैल्याचा नळ शुद्धीकरणाच्या केंद्राकडे जातो. पावसाळी गटार सरळ जवळच्या ओढ्यास वा तळ्यास मिळतें. उन्हाळ्यांत तें वाहत असेल, तर त्यांत पाऊस नव्हे, कोणाची तरी मोरी वाहत असली पाहिजे.

दुसऱ्या दिवशीं नळ दुरुस्त करणाऱ्या कारागिरास बोलाविलें. त्यानें शौचकूपांत तांबडा रंग ओतला आणि वरून पाणी सोडलें. अर्ध्या तासाच्या आंत तो रंग खालच्या पावसाळी गटारांतून तळ्याच्या दिशेनें जातांना आम्हीं आपल्या डोळ्यांनीं पाहिला. चौकशीअंतीं कळलें कीं, पुष्कळ वर्षांपूर्वीं मूळचा नळ तुंबला असतांना कोणीं तरी खर्च वांचविण्यासाठीं तो पावसाळी गटाराला जोडून दिला होता. रहिवाशांची सभा भरली. एक म्हणाले, “सगळेच असें करतात.” दुसरे म्हणाले, “आपल्या एकट्याच्या नळानें तळें थोडेंच सुधारणार आहे?” वर्गणीचा आंकडा ऐकून तर सभा उठण्याच्या बेतांत आली. तेव्हां कोपऱ्यांत बसलेल्या काकू म्हणाल्या, “मी इतकीं वर्षें सकाळीं ज्याला नमस्कार केला, त्याच्याच तोंडांत आपण हें सोडत होतों. नळ दुरुस्त होईपर्यंत मी गॅलरींत जायची नाहीं.”

आठ महिने लागले. पण नळ मूळच्या वाटेला लागला. पुढच्या वैशाखांत तें गटार कोरडें होतें. त्यामुळें तळें सुधारलें काय? नाहीं. भोंवतालचे दुसरे ओहोळ वाहतच आहेत. तरी काकू पुन्हां गॅलरींत जाऊं लागल्या आहेत, आणि त्या नमस्काराचा अर्थ आम्हांला आतां अधिक कळतो.

येथें आपल्या आचाराविषयीं दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे. पाण्यांत मलमूत्र टाकूं नये, थुंकूं नये, अमंगल वस्तु सोडूं नये, असा निर्बंध आपल्या स्मृतिग्रंथांत स्पष्ट आहे. मग तळ्याची ही दशा कां झाली? आम्हांस वाटतें, आपलें सोवळें मोरीपाशीं थांबलें. घर धुतलें, भांडीं घासलीं, स्नान झालें कीं आपण शुद्ध झालों. तें धुतलेलें पाणी पुढें कोणाच्या दारीं गेलें, हा विचार आपल्या शुद्धीच्या कल्पनेंत उरला नाहीं. निर्माल्याचेंही तसेंच. फुलें, दूर्वा, प्रसाद पाण्यांत सोडले म्हणजे पवित्र ठिकाणीं पोंचले, अशी आपली भावना. पण जंतूंच्या लेखीं तेंही भोजनच.

आम्हीं स्वतः कित्येक वर्षें बंधूंच्या घरच्या गणपतीबरोबर पवईच्या घाटावर जात होतों आणि निर्माल्याची पिशवीही तेथेंच रिकामी करीत होतों. हें कबूल केलें पाहिजे. त्या नळाच्या प्रकरणानंतर घरांत वाद झाला. वडील मंडळींचें मन दुखवूं नये, असें आम्हांला वाटत होतें. पण निकाल काकूंनींच दिला. मूर्ति पार्थिव, म्हणजे मातीची. माती मातीला मिळाली म्हणजे विसर्जन झालें, असें त्यांचें म्हणणें. तेव्हांपासून शाडूची मूर्ति घरींच मोठ्या घंगाळांत विसर्जन होते, ती माती तुळशीच्या कुंडींत जाते, आणि निर्माल्याचें खत होतें. ज्यांना घरीं सोय नाहीं, त्यांच्यासाठीं नगरपालिका कृत्रिम तलाव करते आणि निर्माल्यासाठीं वेगळे कलशही ठेवते; त्यांचा उपयोग करण्यांत कमीपणा मानूं नये.

घरांतल्या घरांत करण्यासारख्या आणखी चार गोष्टी आहेत. ताटांतलें उष्टें मोरींत न धुतां आधीं केरांत काढावें. त्याचें खत करतां आलें तर आमच्या देवनारवरही उपकार होतील. तळणीचें तेल आणि नासलेलें दूध मोरींत ओतूं नये. कपडे धुण्याचें चूर्ण स्फुरदरहित पाहून घ्यावें व बेतानें वापरावें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, आपल्या घराची मोरी कोठें जाते हें एकदां तरी शोधून काढावें. नळ मैल्याच्या मार्गाला जोडलेला आहे काय? मैल्याची टाकी असेल, तर ती शेवटीं केव्हां उपसली होती? इमारतीच्या सभेंत रंगाच्या वादापेक्षां हा प्रश्न आधीं यावा.

अर्थात् केवळ घरच्या संयमानें तळें बरें होईल असें म्हणणें हा भोळेपणा ठरेल. ज्या वस्त्यांत मैल्याचे नळच पोंचलेले नाहींत, तेथील लोकांनीं करावें तरी काय? तेथें नळ नेणें, प्रत्येक ओहोळ अडवून वळविणें, सांडपाणी शुद्ध करणें हें नगरपालिकेचें काम आहे, आणि तें मागून घेणें हें नागरिकांचें. मात्र हें काम असाध्य नाहीं. अमेरिकेंतील सिॲटल शहराच्या कांठीं वॉशिंग्टन नांवाचें मोठें सरोवर आहे. भोंवतालच्या गांवांच्या सांडपाण्यानें तें शेवाळून गेलें होतें. १९५८ सालीं तेथील नागरिकांनीं मत देऊन या कामासाठीं संयुक्त मंडळ स्थापिलें आणि त्याचा खर्च स्वतःच्या शिरावर घेतला. १९६३ पासून एकेक नळ वळवीत १९६८ पर्यंत सगळें सांडपाणी सरोवराबाहेर गेलें, आणि थोड्याच वर्षांत पाणी पुन्हां निर्मळ झालें. खाद्य थांबलें, आणि बाकीचें काम पाण्यानें स्वतःच केलें. लंघन हें अजीर्णावरचें उत्तम औषध, हें आपल्या आजीबाईंनाही ठाऊक होतें!

तेव्हां पुढच्या खेपेस आमच्याकडे देवनारला येऊन कोणीं पवईचें कौतुक केलें, तर आम्ही रागावणार नाहीं. तें तळें खरोखरच सुंदर आहे, आणि तें सुंदर रहावें अशी आमचीही इच्छा आहे. आम्ही फक्त एवढेंच विचारूं, “आपल्या घराखालचें पावसाळी गटार वैशाखांत कोरडें असतें ना?” ज्या दिवशीं पवईच्या उतारावरील प्रत्येक घर या प्रश्नाला निःशंकपणें होकार देईल, त्या दिवसापासून तळ्याचा रोग उतरूं लागेल.